पाचवा वार

१

"मुलाखत काल झाली, पोरी," ओलिंपिया बाई म्हणाल्या.

विल्तेच्या पाठीवरची सॅक अजून उतरली नव्हती. स्पेनमधल्या साल्मांकाहून रात्रभर गाडीत बसून ती सकाळी कोइंब्राला पोचली, स्टेशनातल्या नळावर तोंड धुतलं आणि घरी न जाता थेट टेकडी चढून विद्यापीठाच्या कचेरीत आली. दहा वाजायला दहा मिनिटं होती. आपण वेळेत आलो म्हणून ती जिन्यात थोडी हसलीसुद्धा होती.

"काल कशी? आज आहे. शुक्रवारी, दहा वाजता." तिनं खिशातून घडी केलेला कागद काढला. साल्मांकाच्या प्रवासी वसतिगृहातल्या माणसानं तिच्यासाठी लिहून ठेवलेला निरोप होता तो. घरून फोन होता. मुलाखत शुक्रवारी, दहाला.

ओलिंपिया बाईंनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला आणि परत दिला. "मंगळवारी तुमच्या घरी फोन मीच केला. 'पाचवा' असं सांगितलं. एक मुलगा होता फोनवर. त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं."

पोर्तुगालात वारांना ग्रहांची नावं नाहीत. मोजणी रविवारपासून होते, म्हणून सोमवार तो दुसरा, मंगळवार तिसरा आणि गुरुवार पाचवा. विल्तेच्या लिथुएनियातही वार आकड्यांचेच, पण मोजणी सोमवारपासून. तिथे पाचवा म्हणजे शुक्रवार. फेब्रुवारीत, आल्या आल्या, याच घोळात तिचा पहिला तास बुडाला होता. ती आणि तिच्या घरात राहणारी स्लोव्हेनियाची नेझा, दोघी चुकीच्या दिवशी बंद दारासमोर उभ्या होत्या. नेझाकडेही तशीच मोजणी. पण त्याला चार महिने झाले होते. आता विल्तेला पेंगत असताना विचारलं असतं, तरी पाचवा म्हणजे गुरुवार असंच तिनं सांगितलं असतं.

आणि तिला 'पाचवा' कुणी म्हणालंच नव्हतं. तिला कुणीतरी शुक्रवार सांगितला होता.

जागा एकच होती. आणखी एक वर्ष इथे राहायचं, युरोपभर हिंडून बंद पडलेली रेल्वे स्थानकं शोधायची, त्यांची चित्रं आणि नोंदी करायच्या. प्रवास आणि खोली विद्यापीठाची. अर्ज दोघींचेच होते, विल्तेचा आणि नेझाचा. ही जागा गेली तर जूनअखेर सहामाही संपली की आपल्या गावी शाऊल्यायला परत, भावाच्या टायरच्या दुकानात गल्ल्यावर.

"सोमवारी सकाळी प्राध्यापक मंडळी बसतील, दुपारी यादी लागेल," ओलिंपिया बाई म्हणाल्या. "त्याआधी लेखी कारण आणून दे. वारात गफलत झाली असेल तर सरळ तसं लिही. तुमच्याकडची एक तरी पोर दर वर्षी चुकते. ते ऐकून घेतात, अर्धा तास देतात. पण घरातली भांडणं, कुणी कुणाला फसवलं, असलं काही लिहिलंस तर ते चौकशीला जाईल. आमच्या चौकश्या ऑक्टोबरपर्यंत चालतात."

विल्ते जिना उतरली. साल्मांकाच्या वसतिगृहाचा नंबर तिनं फक्त घरात दिला होता. घरात तिच्याशिवाय तीन भाडेकरू आणि खाली मालकीणबाई. फोन त्यातल्याच कुणीतरी केला होता.

२

घरातला फोन जिन्याच्या वळणावर होता. त्याच्या तबकडीला मालकीणबाईंनी कुलूप लावलेलं, त्यामुळे आलेला फोन घेता यायचा, करता यायचा नाही. शेजारी दोरीला बांधलेली वही. विल्तेनं ती उघडली.

'मंगळवार. विल्ते. एक वर्षाच्या जागेची मुलाखत. ५ वा, १० वाजता, कचेरी.' अक्षर तित्सियानोचं. समासात विल्तेनं जाण्याआधी स्वतः लिहून ठेवलेला साल्मांकाचा नंबर.

तित्सियानो स्वयंपाकघरात कांदा परतत होता. हा इटलीतल्या बोलोन्याचा, बोलायला गोड आणि डोक्यानं भुसभुशीत.

"फोन मी घेतला, लिहिलंही मी," तो म्हणाला. "साल्मांकाला कळवलं मात्र मी नाही."

"का नाही?"

"माझ्या लक्षात राहत नाही, एवढं माझ्या लक्षात आहे. म्हणून जेवताना दोघींना सांगून टाकलं. म्हटलं, कुणीतरी चौकातल्या बूथवरून हिला कळवा. एक जण 'बघते' म्हणाली."

"कोण?"

"नेझा." त्यानं कालथा थांबवला. "किंवा मेल्पो. भात लागला होता गं तेव्हा, मी भाताकडे बघत होतो."

"तित्सियानो, माझं वर्ष गेलं यात."

कांदा करपायला लागला तरी त्यानं हात लावला नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी विल्तेला मिठी मारली.

मेल्पो. ग्रीसमधल्या वोलोसची. "आलीस? किती वाळलीस गं चार दिवसांत. बस आधी. काही खाल्लंयस का?" तिनं विल्तेच्या पाठीवरची सॅक स्वतःच्या हातांनी उतरवली.

या सॅकेनं चार महिन्यांत अकरा शहरं पाहिली होती, आणि साल्मांका सोडलं तर सगळी मेल्पोबरोबर. दोघींकडे स्वस्तातले पास. शुक्रवारी तास संपले की गाडी धरायची, पाव आणि सार्डिनचे डबे घ्यायचे, फलाटावरच्या बाकावर एकीनं झोपायचं, दुसरीनं सामान राखायचं. विल्ते स्थानकांची चित्रं काढायची आणि मेल्पो वाटसरूंशी गप्पा मारून दोघींच्या कॉफीची सोय करायची. ईस्टरच्या सुट्टीत व्हिएन्नाला तर मेल्पोनं कहर केला होता. गाडी समोर उभी, तिकिटं हातात, आणि ही चढेना. मंगळवार होता आणि तारीख तेरा. "तिसरा आणि तेरा एकत्र," ती म्हणाली होती. "माझी आई या दिवशी केससुद्धा कापत नाही. मी नाही चढणार." पुढची गाडी सहा तासांनी होती. ते सहा तास दोघी हसत होत्या.

आता विल्ते तिला मुलाखतीचं सगळं सांगत होती आणि मेल्पो तिचे हात चोळत ऐकत होती.

"मी कुणावर आळ घेत नाही," मेल्पो हळूच म्हणाली. "पण मंगळवारी साडेसहाला नेझा बाहेर गेली होती. आणि जागा कुणाला मिळणार, तूच बघ."

३

नेझा मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. विल्ते समोर जाऊन उभी राहिली.

"काल कुठे होतीस?" नेझानंच आधी विचारलं. "मी पाऊण तास तुझ्यासाठी थांबले तिथे. त्यांना म्हटलं, तिची गाडी चुकली असेल, आधी मला घ्या, तिला शेवटी घ्या. तेही त्यांनी ऐकलं."

"मला शुक्रवार कळवला कुणीतरी. आणि मंगळवारी संध्याकाळी तू बाहेर गेली होतीस म्हणे."

नेझाच्या हातात ओला टॉवेल होता. तो तिनं दोरीवर टाकला नाही. "कुणीतरी म्हणजे मी?"

"या घरात पाचव्याला शुक्रवार म्हणणाऱ्या दोघीच. तू आणि मी."

"आणि चूक असती तर मी तुला सांगितलं नसतं?"

"चूक असती तर," विल्ते म्हणाली.

नेझानं टॉवेल बादलीत परत टाकला. "मला जागा हवी आहे. तुझ्याइतकीच. तुला हरवून हवी होती, तू नसताना नको होती. मंगळवारी बाहेर गेले होते, हो. मेल्पोनं पाव आणायला पाठवलं होतं. तिलाच विचार." आणि बादली तशीच ठेवून ती आत गेली. वर दार लागल्याचा आवाज आला.

"आत ये, पोरी," तळमजल्याच्या खिडकीतून आवाज आला. मालकीणबाई, दोना एर्मिनिया, मांडीवर परात घेऊन शेंगा सोलत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली बाई. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे फोन जोडून देत, जोडणीच्या फळ्यावर काढली होती. कान अजून तरुण होते, आणि सोयीचं असेल तेव्हा त्या बहिऱ्याही होत असत.

"तुम्ही ऐकलंत सगळं?"

"अंगणात बोललं की मला येतंच ऐकू. तू सगळ्यांना विचारतेयस. ज्यानं फोन उचलला त्याला विचारलंस का?"

त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, वळणावर येऊन तबकडीचं कुलूप उघडलं आणि साल्मांकाचा नंबर स्वतः फिरवला. वसतिगृहातला माणूस सापडला. त्याला आठवत होतं. मंगळवारी सातच्या सुमाराला फोन आला. आवाज मुलीचा, बोलणं इंग्रजीत. वार तिनं सांगितला तोच त्यानं लिहिला.

"आणखी काही?" विल्तेनं विचारलं.

"मी तिला म्हटलं, पाहुणीची खोली बुधवारपर्यंतच आहे, गुरुवारी सकाळी ती तशीही निघणार. तर ती म्हणाली, तिला सांगा घाई नाही, एक दिवस आणखी राहा, चित्रं काढ. तेवढं लिहायचं माझ्याकडून राहिलं. पण तोंडी सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं. कुणाला तरी आपली किती काळजी, असं विल्तेला तेव्हा वाटलं होतं. तिनं रिसीव्हर ठेवला. मुलीचा आवाज, म्हणजे तित्सियानो सुटला.

४

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी विल्तेनं वसतिगृहाच्या माणसाचं सांगणं जसंच्या तसं सांगितलं. नेझा खाली आली नव्हती. दोना एर्मिनिया भाड्याच्या खोल्यांत कधी जेवत नसत, पण आज सूपचं पातेलं घेऊन स्वतः वर आल्या होत्या.

मेल्पोचा चमचा थांबला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मीच केला फोन," ती म्हणाली. "मी वहीत पाचवा वाचलं आणि शुक्रवार समजले. चुकलं माझं. सकाळी तुझा चेहरा बघितला आणि सांगायची हिंमतच झाली नाही."

"आणि नेझाचं नाव का घेतलंस?" तित्सियानोनं विचारलं. त्याच्या तोंडून असा सरळ प्रश्न कधी येत नसे.

"घाबरले होते. तुला कळणार नाही."

विल्ते उठली आणि तिनं मेल्पोचं डोकं छातीशी धरलं. चूक होती. नुसती चूक. तिनं स्वतःही केली होती तीच चूक. सोमवारी हेच लिहून द्यायचं, आणि ते खरंच असणार होतं.

ती नेझाच्या दारापाशी गेली, माफी मागितली. दार उघडलं नाही. आतून एवढंच आलं, "उद्या बोलू. आज नको."

ती खाली उतरली तेव्हा दोना एर्मिनिया पातेलं घेऊन वळणावर उभ्या होत्या.

"समाधान झालं?"

"हो."

"बरं झालं. मला एक सांग. फळ्यावर बसून मी लोकांची बोलणी ऐकत असे. ऐकायची नसतात, पण ऐकत असे. कोण काय बोललं यापेक्षा कोणता प्रश्न कुणी विचारला नाही, तिकडे माझा कान असायचा. या जागेसाठी तू अर्ज केलायस, हे मेल्पोला सांगितलं होतंस?"

विल्तेचा चेहरा तापला. "नाही. राहून गेलं. नेझाला माहीत होतं, कारण अर्ज द्यायला आम्ही एकाच वेळी गेलो होतो."

"मग आज सकाळी तू मुलाखत मुलाखत म्हणत होतीस, तेव्हा मेल्पोनं विचारलं का, कसली मुलाखत? मला कशी माहीत नाही?"

विल्ते आठवत राहिली. मेल्पोनं हात चोळले होते, खायला विचारलं होतं.

"वहीत वाचलं असेल तिनं," ती म्हणाली.

"वाचलंच असेल. तरीही मैत्रीण विचारते. रागावून तरी विचारते." दोना एर्मिनियांनी पातेलं दुसऱ्या हातात घेतलं. "आणि मला तिची भाषा येत नाही. तू तिच्याबरोबर एवढी फिरलीस, तुला माहीत असेल. त्यांच्याकडे पाचवा वार कुठला?"

मला काय माहीत, असं म्हणायला विल्तेनं तोंड उघडलं, आणि ती तिथेच पायरीवर बसली.

व्हिएन्नाचा फलाट. मंगळवार, तेरा तारीख. तिसरा आणि तेरा एकत्र.

मंगळवार ज्यांचा तिसरा, त्यांचा गुरुवार पाचवा. ग्रीक लोक पोर्तुगीजांसारखेच मोजतात. म्हणूनच फेब्रुवारीत सगळ्या परक्या पोरी वारांत ठेचकाळत असताना मेल्पो एकदाही चुकली नव्हती. ही चूक नेझा करू शकली असती, विल्ते करू शकली असती. मेल्पोला ती करता येणंच शक्य नव्हतं.

५

शनिवारी सकाळी मेल्पो नदीकाठच्या बाकावर चेरी खात बसली होती. विल्ते शेजारी बसली. मेल्पोनं कागदी पुडा पुढे केला. विल्तेनं घेतला नाही.

"गुरुवारला तुमच्यात काय म्हणतात?"

मेल्पोनं बी हातात काढली.

"पेम्प्ती."

"म्हणजे?"

"पाचवा," मेल्पो म्हणाली. "दोना एर्मिनियांनी विचारायला सांगितलं ना? ती बाई रिटायर झालेलीच नाही अजून."

"कालचं रडणं खोटं होतं?"

"रडणं खरं होतं. कारण खोटं होतं."

ओरडायचं असं विल्ते रात्री ठरवून झोपली होती. आता तिला आधी कारण ऐकायचं होतं.

"त्रिएस्तेला तू काय म्हणाली होतीस, आठवतं?" मेल्पोनं विचारलं. "पाऊस होता, वेटिंग रूममध्ये आपण दोघीच. माझ्या आजोबांचं समुद्राकाठचं घर, चार खोल्या, वाटसरूंसाठी उघडायच्या. नाव तू सुचवलंस. दारं कुठल्या रंगाची ते तू सांगितलंस. मी आईला पत्र लिहिलं, विल्ते. आईनं खोल्यांतलं सामान काढून चुलत्याकडे नेऊन ठेवलं. ती जुलैत तुझी वाट बघतेय."

"मी सांगणार होते."

"कधी? यादी लागल्यावर? आपण त्यानंतर पाच शहरं हिंडलो. एका बाकावर झोपलो. तू माझ्यासमोर स्थानकांची चित्रं काढत होतीस आणि मी शाई धरून बसत होते. मला वाटायचं, आपल्या भिंतींवर लावायला काढतेयस. आणि मंगळवारी मला कळलं कशातून? तित्सियानोच्या अक्षरातून. भाताच्या करपट वासात."

"म्हणून तू माझं वर्ष बुडवलंस."

"बुडवलं नाही." मेल्पो पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "मला एक दिवस हवा होता. तू परत यावंस, मुलाखत हुकलीय हे बघावंस आणि मग तरी माझ्यापाशी येऊन म्हणावंस की मेल्पो, मी अर्ज केला होता, तुझ्यापासून लपवला. एवढंच. तू आलीस आणि माझ्याच गळ्यात पडून चोर शोधायला लागलीस. तरी तुझी वाट मी बंद केली नाही. मुद्दाम शुक्रवार सांगितला. शनिवार नाही, सोमवार नाही. तू लिथुएनियाची. तू म्हणालीस पाचवा म्हणजे शुक्रवार वाटला, की ते डोळे मिटून मान्य करतात. जा, सांग. अर्धा तास मिळेल. तुझी चित्रं नेझापेक्षा चांगली आहेत, जागा तुलाच आहे."

पुलावरून एक रिकामी मालगाडी गेली.

"आणि नेझा?" विल्ते म्हणाली. "तिचं नाव तू माझ्या कानात घातलंस."

मेल्पोनं पुड्याचं तोंड मुडपलं.

"माझं चुकलंच," विल्ते म्हणाली. "लपवायला नको होतं. मी भित्री आहे. पण मी तुला टाकलं ते गप्प बसून. तू मला हात धरून खड्ड्यापाशी नेलंस आणि वरून म्हणालीस, बघ, शिडी पण ठेवलीय."

ती उठली. मेल्पो म्हणाली, "सोमवारी जाशील ना?"

"जाईन," विल्ते म्हणाली.

६

सोमवारी सकाळी ओलिंपिया बाईंनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "वाराची गफलत. दोन ओळी पुरेत. मंडळी आत बसलीच आहेत, लगेच नेऊन देते."

विल्तेनं पेन घेतलं. ओळ तिला पाठ होती. रविवारभर तिनं ती मनात शंभर वेळा म्हटली होती, पोर्तुगीजमध्ये, व्याकरणासकट. पाचवा हा शब्द लिहायचा, पुढे शुक्रवार, पुढे क्षमस्व. दाराच्या काचेतून आतलं लांब टेबल दिसत होतं. तिथे बसून आपण कोणतं चित्र आधी दाखवू, हेही ठरलेलं होतं.

तिनं लिहिलं आणि कागद दिला.

ओलिंपिया बाईंनी तो मोठ्यानं वाचला, जणू ऐकल्यावर तो बदलेल. "'मला मुद्दाम चुकीचा वार कळवण्यात आला. कळवणाऱ्याचं नाव मी देणार नाही.'" त्यांनी चष्मा काढला. "हे असं दिलंस तर आत जाणार नाही. चौकशीच्या फायलीत जाईल. आणि नाव नसलं की ती फाइल उघडतसुद्धा नाहीत."

"माहीत आहे."

"दुसरा कागद देते. विचार कर."

"नको," विल्ते म्हणाली. "हाच ठेवा."

दुपारी यादी लागली. यादी म्हणजे एकच नाव, नेझाचं. नेझा ते वाचून बाहेर आली तेव्हा विल्ते पायऱ्यांवर बसली होती. नेझा तिच्याशेजारी बसली, बरंच अंतर ठेवून, पण बसली.

"माझा राग गेला नाही," ती म्हणाली.

"असू दे."

"तुझी ती बेव्हेरियाच्या सरहद्दीवरची छोटी स्थानकं, त्यांच्या जागा लिहून दे. मला सापडायच्या नाहीत."

"देते," विल्ते म्हणाली.

घरी ती सॅक भरत होती तेव्हा मेल्पो दारात आली. आत आली नाही.

"यादी बघितली," मेल्पो म्हणाली. "तू सांगितलं नाहीस? एवढं सोपं होतं. सगळं तयार होतं."

"तयार होतं, पण ते तू शिजवलेलं होतं. चार महिने तुझ्या हातचं खाल्लं मी. हे उतरलं नाही घशाखाली. मुद्दाम चुकीचा वार कळवला एवढंच लिहिलं, नाव नाही दिलं."

मेल्पो चौकटीला टेकली. "मग माझं नाव तरी द्यायचंस. मी आले असते, कबूल केलं असतं. माझी सहामाही रद्द झाली असती, होऊ दे. का नाही दिलंस?"

विल्तेनं चित्रांची वही सॅकेत तळाशी घातली आणि वरून स्वेटर दाबला.

"दिलं असतं तर तू शिक्षा भोगून मोकळी झाली असतीस, आपली फिट्टंफाट झाली असती," ती म्हणाली. "ती मला नको होती."